वरूडचं परराष्ट्र खातं

वरूडला तहसील आहे, पंचायत समिती आहे, बाजार समिती आहे. रेल्वेनं तर स्टेशनचं बारसंच ‘वरूड ऑरेंज सिटी’ असं करून टाकलंय. नाही ते एकच, परराष्ट्र खात्याचं कार्यालय. आणि खरी गरज आहे ती त्याचीच. फळगळ झाली की कृषी खात्याचा माणूस बगीच्यात येतो, झाडं मोजतो, पंचनामा करून जातो. पण ढाक्याच्या सीमाशुल्क खात्यात एक सही झाली आणि तिच्यापायी वरूडचा भाव गळला, तर पंचनामा कोणी करायचा? तलाठ्यानं?

हसण्यावारी नेऊ नका. आंबिया बहाराच्या तोडीच्या दिवसांत इथल्या पानटपरीवर जरा वेळ उभं राहा. ‘बेनापोलले किती गाड्या अडकल्या?’, ‘टका अजून पडला म्हंते’, ‘कोलकात्याचा दलाल फोन उचलत नाई राजेहो’, असं सगळं सुपारी कातरता कातरता चाललेलं असतं. बोलणाऱ्यानं पासपोर्ट जन्मात पाहिलेला नसतो. पण शेजारच्या देशाच्या तिजोरीत किती डॉलर उरलेत, याचा त्याचा अंदाज टीव्हीवरच्या निवृत्त राजदूतांपेक्षा बरा असतो. राजदूतांचं पेन्शन डॉलरच्या साठ्यावर अवलंबून नसतं ना.

हिशेब साधा आहे. २०१९ मध्ये बांगलादेश आपल्या संत्र्यावर किलोमागं २० रुपये आयात शुल्क घेत होता. २०२० मध्ये ३०, २०२१ मध्ये ५१, २०२२ मध्ये ६३ आणि २०२३ मध्ये ८८. चार वर्षांत चौपटीच्या वर. एवढ्या काळात बगीच्यातला भाव चौपट झाल्याचं कोणी ऐकलंय का? उलट झाडावरचा संत्रा ज्या भावानं जातो, त्याहून त्याच्यावरचं शुल्क मोठं, अशी गंमत झाली. पोरापेक्षा पोराची फी जास्त.

हे शुल्क कागदावर भरतो तिकडचा आयातदार. पण तो ते स्वतःच्या खिशातून थोडंच भरतो! तो कोलकात्याच्या दलालाला भाव तोडून मागतो, दलाल वरूडच्या व्यापाऱ्याला, आणि व्यापारी बगीच्यात येऊन फांदी खाली ओढून म्हणतो, ‘यंदा मार्केट नाई भाऊ.’ शेतकऱ्याच्या पुढे आता फक्त झाड असतं. झाडाला भाव तोडून मागता येत नाही. ज्या मालानं नागपूर, रायपूर करत कोलकात्याच्या पुढे हद्दीवरचं पेट्रापोल ओलांडून पलीकडचं बेनापोल गाठायचं, तो मग दिल्लीच्या आणि आसपासच्या मंड्यांमध्ये एकमेकांच्या उरावर जाऊन पडतो. तिथं त्याला ‘नागपुरी संत्रा’ म्हणतात. २०१४ साली भौगोलिक मानांकनसुद्धा त्याच नावानं मिळालं. नाव नागपूरचं, बगीचे वरूड-मोर्शीचे, भाव ढाक्याचा. आमच्या वाट्याला झाडावरचा डिंक्या रोग.

तर ढाक्यानं हे काहून केलं? यावर वरूडमध्ये तीन पक्ष आहेत. (राजकीय पक्ष वेगळे, त्यांचं यावर मत नाही, फक्त आश्वासन आहे.)

पहिला पक्ष कांद्याचा. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस आपण कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. बांगलादेशात पुढं कांद्यानं किलोमागं दोनशे टक्यांची वेस ओलांडली. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात चक्क हिंदीत म्हणाल्या की, स्वयंपाक्याला सांगून ठेवलंय, आता जेवणात कांदा घालू नको. वर पुस्ती जोडली की बंदी घालायचीच तर आधी सांगत जा. सभागृह हसलं. हसून झाल्यावर वर्षाच्या आत, १४ सप्टेंबर २०२० ला, आपण पुन्हा कांदा बंद केला. आधी सांगितलं? छे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी. आपल्याकडं कुठली ना कुठली निवडणूक जवळ आली की कांद्याचं राष्ट्रीयत्व कडक होतं. तेव्हा टपरीवरचा सिद्धांत असा की कांदा अडवला लासलगावचा आणि सूड निघाला वरूडवर. कांदेवाल्याचा आणि संत्रेवाल्याचा एवढा जवळचा संबंध विदर्भ-उत्तर महाराष्ट्र मैत्री मेळाव्यातही कधी जमला नव्हता.

दुसरा पक्ष चीनचा. त्याच्यासाठी पुरावा लागत नाही. बाजारात काहीही वाईट झालं की चीन.

तिसरा पक्ष डॉलरचा, आणि माझं मत त्याला. ऑगस्ट २०२१ मध्ये बांगलादेशाच्या गंगाजळीत ४८ अब्ज डॉलर होते. मग युक्रेनचं युद्ध पेटलं, तेल आणि गॅस महागला, आणि दोन वर्षांत ती गंगाजळी निम्म्याच्याही खाली आली. मे २०२२ मध्ये त्यांनी शंभराहून जास्त ‘चैनीच्या’ वस्तूंवर जादा शुल्क लावलं. त्या यादीत परदेशी फुलं होती, फर्निचर होतं, सौंदर्यप्रसाधनं होती आणि फळं होती. म्हणजे आमचा संत्रा लिपस्टिकच्या रांगेत जाऊन बसला. शुल्क आपल्याच फळावर नव्हतं, सगळ्या जगाच्या फळांवर होतं. सूड वगैरे काही नाही. पैसे संपत आले की घरात आधी काय बंद करायचं, हे त्यांनी ठरवलं. पुढं जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ४७० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर करून घेतलं. झारखंडातल्या गोड्ड्याहून जाणाऱ्या विजेचं बिल थकलं, २०२४ च्या अखेरीस तो पुरवठाही कमी झाला. ज्या घरात विजेचं बिल थकतं त्या घरात संत्री कोण नेतो? एवढं मात्र खरं की कांद्यानं आपण त्यांना पुन्हा पुन्हा चटका दिला नसता, तर संत्र्याची गोष्ट काढायला आपल्याला तोंड तरी राहिलं असतं. आता कोणत्या तोंडानं म्हणायचं की शुल्क वाढवण्याआधी सांगत जा?

इथं थोडं त्या देशाकडं पाहू. टीव्हीवर बांगलादेशाची चर्चा लागली की भिंतभर नकाशा येतो. सिलिगुडीजवळची ती वीस-बावीस किलोमीटरची चिंचोळी पट्टी लालभडक होते आणि चार माणसं एकाच वेळी ओरडू लागतात. नकाशा खरा आहे, पट्टीही खरी आहे. पण नकाशा तिकडून उलटा धरून पाहा. तीन बाजूंना भारत, ४०९६ किलोमीटरची हद्द, कोपऱ्यात थोडासा म्यानमार, खाली समुद्र. आपल्याकडं ज्याचं दोन एकर वावर मोठ्या मालगुजाराच्या शेताच्या मधोमध असतं, त्याला विचारा हे काय असतं. त्याची वाट दुसऱ्याच्या धुऱ्यावरून, पाणी दुसऱ्याच्या पाटातून, आणि बैल चुकून पलीकडे गेला तरी माफी यानंच मागायची. असा माणूस भांडत नाही. तो मोठ्याच्या घरी लग्नाला जातो, आहेर करतो, आणि गुपचूप पलीकडच्या गावच्या पाटलाशीही बोलणं ठेवतो. त्याला आपण दुटप्पी म्हणतो. तो त्याला जगणं म्हणतो.

बांगलादेशाचं परराष्ट्र धोरण शेख मुजीबांच्या काळापासून एका ओळीचं आहे: सगळ्यांशी मैत्री, कोणाशी वैर नाही. ओळ भाबडी वाटते, पण तिचा हिशेब पक्का आहे. रूपपूरची अणुभट्टी रशियाची. मातारबाडीचं खोल समुद्रातलं बंदर जपानच्या पैशातलं. पद्मेवरच्या पुलातून जागतिक बँकेनं २०१२ साली अंग काढून घेतलं, तर त्यांनी स्वतःच्या पैशानं चिनी कंपनीकडून तो बांधून घेतला आणि जून २०२२ मध्ये खुला केला. वीज भारताची. शस्त्रं बहुतेक चीनची. २०१६ मध्ये चीनकडून दोन जुन्या पाणबुड्या घेतल्या. दिल्लीत त्यावर किती खल झाला! आणि २०२० मध्ये आपण म्यानमारला आपली ‘सिंधुवीर’ पाणबुडी देऊन टाकली. शेजाऱ्यानं दोन आणल्या तर त्याच्या शेजाऱ्याला एक द्यायची. याला सामरिक समतोल म्हणतात. वरूडला पाणबुडी नको, शीतगृह चाललं असतं; पण ते सामरिक नसतं.

तिस्तेचंच घ्या. तिस्तेच्या पाणीवाटपाचा करार आपल्याकडं २०११ मध्ये होता होता राहिला आणि राहिलेलाच आहे. मधल्या काळात चीननं तिस्ता खोऱ्याचा आराखडा पुढं केला. जुलै २०२४ मध्ये हसीना बीजिंगला जाऊन आल्या, परत येऊन म्हणाल्या, हे काम भारतानं करावं असं मला वाटतं. महिन्याभरात, ५ ऑगस्टला, त्यांना स्वतःलाच भारतात यावं लागलं.

त्या दिवशी वरूडमध्ये लोकशाहीच्या भवितव्याची चिंता कोणी केली असेल तर मला ठाऊक नाही. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराचा फोन आला. ‘काहून गा भाऊ, हसीनाबाई गेल्या म्हंते. आता ड्यूटी कमी होईन का वाढीन?’ एका देशातली राजवट कोसळली, आणि त्याच्या बातमीतून या गृहस्थानं नेमका आपल्या कामाचा प्रश्न काढला. मला तरी हा प्रश्न त्या रात्रीच्या सगळ्या चर्चांपेक्षा शहाणा वाटला. पेट्रापोलची हद्द तेव्हा काही दिवस बंद होती, आणि आंबियाची फळं झाडावर लिंबाएवढी.

त्याच बाजारात आणखी एक संत्रेवाला आहे, भूतान. त्याचं नाव काढलं की आपल्याला सुखाचा निर्देशांक आठवतो. मला संत्री आठवतात. भूतानमध्येही संत्री होतात आणि ती वर्षानुवर्षं बांगलादेशात जातात. तीही आपल्याच रस्त्यावरून, फुंटशोलिंगहून निघून चांगराबांधाच्या नाक्यातून. बांगलादेशाला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भूतान. तारीख ६ डिसेंबर १९७१. भारताची मान्यता त्याच दिवशी, पण काही तासांनी. आणि बरोबर त्याच तारखेला, ६ डिसेंबर २०२० ला, बांगलादेशानं आपला पहिला द्विपक्षीय प्राधान्य व्यापार करार केला, तो भूतानशी. शंभर बांगलादेशी वस्तूंना भूतानमध्ये आणि चौतीस भूतानी वस्तूंना बांगलादेशात शुल्कमाफी. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्याही आत. एकट्या अमरावती जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत जवळपास २९ लाख. म्हणजे आमच्या जिल्ह्यात साडेतीन भूतान बसतात आणि तरीही करार करायचं सुचतं ते भूतानला. त्यांनी जुन्या मान्यतेची तारीख जपून ठेवली आणि पन्नास वर्षांनी वटवली. आम्ही १९७१ ची आठवण काढतो ती फक्त त्यांना कृतघ्न म्हणायला.

आता महाराष्ट्र सरकारची शक्कल ऐका. २०२३ च्या अखेरीस संत्र्याचा आरडाओरडा फार झाला, लोकसभा निवडणूकही तोंडावर होती. तेव्हा राज्य सरकारनं जाहीर केलं की बांगलादेश जे ८८ रुपये घेतो, त्यातले अर्धे, म्हणजे किलोमागं ४४ रुपये, आम्ही देऊ. तरतूद सुमारे १७० कोटींची. वरवर छान आहे. पण दोन मिनिटं थांबून विचार करा. शुल्क लावलं ढाक्यानं, वाढवलं ढाक्यानं, जमा होतं ढाक्याच्या तिजोरीत, आणि त्यातला अर्धा वाटा उचलायचा मंत्रालयानं. एखाद्या देशाच्या नाणेनिधीच्या हप्त्याला हातभार लावणारं महाराष्ट्र हे पहिलंच राज्य ठरावं. आणि देणार कोणाला? निर्यातदाराला. झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला नाही. त्याच्यापर्यंत ते झिरपत जाईल असं गृहीत धरलेलं. विदर्भात झिरपणं काय असतं, ते वरूडच्या विहिरींना विचारा.

खरं तर हे पैसे राज्यानं द्यायचे काही कारणच नव्हतं. शेजारच्या देशाशी बोलणं हे केंद्राचं काम. बोलून होत नाही म्हणून पैसे द्यायचे, हे धोरण पूर्वी आमच्याकडं चौथाईच्या नावानं चालायचं; तेव्हा निदान वसुली करणारे आपण होतो, आणि बंगालच्या नवाबानं नागपूरच्या भोसल्यांना चौथाई दिली होती. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत काटा असा उलटा फिरला. नागपुरात संत्रा आणण्याचं श्रेयही याच भोसल्यांच्या घराण्याला देतात. त्यांना वर कुठं हे कळत असेल तर डोक्यावरची पगडी काढून ठेवली असेल त्यांनी.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वरूड-मोर्शीनं वर्धा मतदारसंघात आपलं मत दिलं. (हो, जिल्हा अमरावती, खासदार वर्ध्याचा. हा तालुका देशातल्या देशातही हद्दीवरचाच आहे.) सत्ताधारी उमेदवार पडले. त्यात संत्र्याचा वाटा किती, कापसाचा किती, आणि बाकीच्या गोष्टींचा किती, हे सांगणारे पंडित प्रत्येक चौकात आहेत. मी चौकात जात नाही.

कापसाचं मात्र बोलायलाच हवं, कारण वऱ्हाड म्हणजे आधी कापूस आणि मग बाकी सगळं. मार्च २०२५ मध्ये बांगलादेशाच्या हंगामी सरकारचे प्रमुख महंमद युनूस बीजिंगला गेले आणि तिथं म्हणाले की भारताची ईशान्येकडची राज्यं चहूकडून जमिनीनं वेढलेली आहेत, त्यांना समुद्र दाखवणारे आम्हीच. बोलायला नको होतं. लहान शेतकऱ्यानं पलीकडच्या पाटलाच्या ओसरीवर बसून असं बोलू नये. एप्रिलमध्ये आपण त्यांच्या मालाला आपल्या विमानतळ-बंदरांवरून तिसऱ्या देशात जाण्याची दिलेली मुभा काढून घेतली. त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांवरून येणारं आपलं सूत बंद केलं. १७ मे ला आपण त्यांचे तयार कपडे जमिनीवरून आणायला बंदी घातली. यायचं तर फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा बंदरातून. म्हणजे ढाक्याचा शर्ट आता सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून रायगड जिल्ह्यात उतरणार, आणि वरूडचा संत्रा ट्रकनं बेनापोलला जाऊन ताटकळणार. दोघांनी मधे कुठं गाठ घ्यायची ठरवली तर चहापाण्याला तरी बसता येईल.

पण त्या बंद केलेल्या सुतात कापूस कोणाचा होता? भारताच्या सुताचं आणि कापसाचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. अकोल्याच्या, यवतमाळच्या, दर्यापूरच्या बोंडातलाच कुठला तरी धागा तिकडं जाऊन शर्ट होतो. दोन देशांनी एकमेकांच्या नाकावर टिच्चून दरवाजे लावले, आणि दोन्ही वेळा बोटं सापडली ती वऱ्हाडाची.

आणि मग ऑगस्ट २०२५. हा महिना मला फार आवडला, कारण लहान देश म्हणजे काय ते त्या महिन्यात आपल्याला अंगावर घेऊन कळलं. अमेरिकेनं आपल्या मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के शुल्क लावलं. ढाक्यानं जे आमच्या संत्र्याला केलं तेच वॉशिंग्टननं सगळ्या देशाला केलं. दिल्लीतून स्वाभिमानाची भाषणं झाली, ती चांगलीच होती. बांगलादेशावर एप्रिलमध्ये ३७ टक्के सांगितले होते. त्यांनी भाषण केलं नाही. अमेरिकेचा गहू दरवर्षी सात लाख टन घेऊ म्हणाले, पंचवीस बोइंग विमानं घेऊ म्हणाले, आणि जुलैअखेर २० टक्क्यांवर सुटले. विमानं खरोखर घेतील का, पैसे कुठून आणतील, हा पुढचा प्रश्न. पण त्या क्षणी ढाक्याचा शर्ट अमेरिकेत तिरुपूरच्या शर्टापेक्षा स्वस्त झाला.

आपण काय केलं? कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका वऱ्हाडातला कापूस घरात येतो तो हंगाम. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८११० रुपये क्विंटल कागदावर होता, आणि खासगी व्यापारी त्याच्या खालचे आकडे सांगत होता. परदेशाशी भांडण दिल्लीचं, फायदा गिरणीचा, आणि किंमत मोजली ती पऱ्हाटीनं. नंतर अमेरिकेशी वाटाघाटी सुरू राहिल्या, तो भाग वेगळा. विकला गेलेला कापूस वाटाघाटीत परत येत नाही.

यात कोणी खलनायक नाही, हीच अडचण आहे. असता तर पुतळा जाळला असता, आमच्याकडं त्याची सवय आहे. ढाक्यानं आपला डॉलर वाचवला, दिल्लीनं गिरण्या वाचवल्या, मुंबईनं निवडणूक वाचवायचा प्रयत्न केला. प्रत्येकानं आपापली सुरक्षा पाहिली. वरूडची सुरक्षा पाहणं हे कोणत्याच टेबलावरचं काम नव्हतं.

बांगलादेशाबद्दल आमच्या जिल्ह्याचं धोरणही मोठं मजेशीर आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमरावती-अकोल्यात उशिराच्या जन्मदाखल्यांवरून गदारोळ झाला, बांगलादेशींनी दाखले काढल्याचे आरोप झाले, राज्यानं विशेष तपास पथक नेमलं. तपास व्हावा, खोटे दाखले असतील तर रद्द व्हावेत. पण मला त्या दिवसांतली एक सभा आठवते. वक्त्यानं पहिली वीस मिनिटं एकेका बांगलादेशीला हुडकून बाहेर काढण्याची गर्जना केली. टाळ्या पडल्या. मग गळा खाकरून शेवटच्या पाच मिनिटांत संत्र्याला बांगलादेशची बाजारपेठ पुन्हा मिळवून देण्याचं वचन दिलं. टाळ्या पुन्हा पडल्या, त्याच माणसांच्या. एकाच सभेत एकाच देशाशी युद्ध आणि व्यापार करार. किसिंजरलाही हे जमलं नसतं.

आणि आता थोडं घरातलं. ढाक्याला बोल लावून झालं, दिल्लीला झालं, पण वरूडनं स्वतः काय केलं? एक पीक, एक मोठं गिऱ्हाईक, एक रस्ता. जो मार्ग बांगलादेशानं पन्नास वर्षं कटाक्षानं टाळला तोच आम्ही निवडला. वीज एकाकडून, बंदर दुसऱ्याकडून, पूल तिसऱ्याकडून घेणारा तो देश आम्हाला धूर्त वाटतो. आम्ही मात्र आंबिया बहार धरायचा तो बेनापोलच्या भरवशावर. ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणवून घ्यायला आम्हाला आवडतं. दुसरीकडं संत्र्याचा रस डब्यात जातो. आमच्याकडं तो घोषणेत जातो. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात विदर्भात संत्रा प्रक्रिया केंद्रांची घोषणा झाली, मोर्शीचं नाव त्यात होतं. त्याआधीच्या प्रकल्पांच्या कोनशिला शोधायच्या असतील तर गवत कापायला विळा घेऊन जा. नागपूरच्या मिहानमधला मोठा फूड पार्क भूमिपूजनानंतर आठ-नऊ वर्षांनी मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. तेवढ्या काळात कलम लावलं असतं तर दोन-चार बहार घेऊन झाले असते.

पाण्याचं तर बोलायलाच नको. वरूड आणि मोर्शी भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत कित्येक वर्षं आहेत, लोक ‘डार्क झोन’ म्हणतात. बोअर खाली खाली जातोय, आणि त्या पाण्यावर पोसलेलं फळ भाव नाही म्हणून रस्त्याच्या कडेला ओतायची वेळ येते. बांगलादेशाच्या सुरक्षेची चर्चा करणाऱ्या तज्ज्ञांनी एकदा शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकेत येऊन पाहावं. लाखो कलमं विक्रीला उभी असतात. ती नेणारा मध्य प्रदेशचा असो, राजस्थानचा असो की आणखी कुठला, पाच वर्षांनी तो आमचा स्पर्धक होऊन त्याच मंडीत उभा राहणार. शत्रूला शस्त्र विकण्याचं हे काम आम्ही जीएसटीच्या भानगडीत न पडता करतो.

मग करायचं काय? ढाक्यात कोणाचंही सरकार असो, त्यांना डॉलर लागणार, कांदा लागणार, वीज लागणार, आणि पाणी लागणार. पाण्याची तर तारीखच ठरलेली आहे. फराक्क्याच्या गंगाजल वाटपाचा करार १२ डिसेंबर १९९६ ला झाला, तीस वर्षांसाठी. म्हणजे १२ डिसेंबर २०२६ ला त्याची मुदत संपते. दोन्ही देशांना टेबलावर बसावंच लागणार. अशा टेबलावर एकाच गोष्टीवर बोलणं होत नसतं. कोणी वीज काढतं, कोणी रस्ता काढतं, कोणी सूत काढतं. तिथं आपल्याकडून कोणीतरी संत्राही काढावा. वर्षभर शुल्क एका आकड्यावर ठेवा, मोसमाच्या मधे बदलू नका, एवढं जरी लिहून घेतलं तरी पुष्कळ. बदल्यात आपण कांद्याचं तेवढंच लिहून द्यावं. ते देणं दिल्लीला जड जाईल, हे मला माहीत आहे.

हे मी त्या बागायतदाराला सांगितलं. वरूडचं पाणी वर्धा नदीतून गोदावरीला जातं. गंगेशी आमचं देणंघेणं म्हणजे अस्थी, तेवढंच. त्यामुळं त्याला आधी ते पटेना.

‘पाण्याच्या कागदावर संत्र्याचं काय काम, म्हणतीन ते.’

‘म्हणू दे. कागद त्यांना पाहिजे ना?’

तो थोडा वेळ गप्प बसला. त्याच्या बगीच्याला गिऱ्हाईक आलं होतं, उक्त्या सौद्याचा आकडा ठरत होता, इसाराचे पैसे घेऊन व्यापारी ओसरीवर बसला होता.

‘डिसेंबर म्हंता न तुमी? मंग मले एवढंच सांगा, सौदा आताच करू का तोडीलोक थांबू?’

मी म्हटलं, मृग बहारही थोडा धरून ठेव. तो म्हणाला, मृगाले पाणी कुठून आणू?